बारा पौंडांचा चाप

"चाप आहे की कोठाराचं गंजकं दार, देव जाणे. ओढतोय, ओढतोय, आणि अजून ओढतोच आहे."

रोंडाने बंदुकांचा आवाज अडवायला कानांवर चढवलेला एक मफ जरासा सरकवला होता, म्हणून तिला ते ऐकू आलं. बोलणारे तिचे वडील होते, एल्डन हावलिक. मधल्या फळीच्या पलीकडे, हातभर अंतरावर ते उभे होते. दोन्ही हातांत काळं, ठेंगणं पिस्तूल, जबडा आवळलेला, चापावरचं बोट पांढरंफटक पडलेलं. मग एकदाचा बार झाला. सात यार्डांवरच्या कागदावर, काळ्या वर्तुळाच्या खूप खाली आणि डावीकडे, एक भोक पडलं.

"डेप्युटीसाहेब," मागून नॉर्ब ओरडला, "कागदाला मारतोयस की माझ्या बुटाला?"

"तुझ्या बुटाला मारायचं असतं तर एव्हाना तू लंगडत असतास."

पत्र्याच्या शेडमधले सगळे हसले. नॉर्ब म्हणजे एल्डनचा साठ वर्षांपासूनचा मित्र. गावाबाहेरच्या जुन्या खडीच्या खाणीत क्लबची नेमबाजी चालते, तिथे दर शनिवारी सकाळी तो देखरेखीला उभा असतो. रोंडाही हसली. हसता हसता तिने ते खालचं, डावीकडचं भोक पुन्हा एकदा पाहून घेतलं आणि तिच्या जिवात जीव आला. बापाचा नेम चुकला की जिला बरं वाटतं, अशी लेक त्या अख्ख्या जिल्ह्यात ती एकटीच असावी.

नॉर्बला तेवढ्यावर थांबता आलं असतं. पण आजूबाजूला चार माणसं हसली की नॉर्बची जीभ सैल सुटते.

"ऐक. ज्या दिवशी या खेचर पिस्तुलानं तू बशीएवढ्या जागेत ओळीनं पाच गोळ्या घालशील ना, त्या दिवशी गेलन तुला तुझं रिव्हॉल्व्हर परत देईल. सुटा भाग येवो न येवो. काय गेलन?"

गेलन कोपऱ्यातल्या बाकावर कुणाची तरी बंदूक उघडून बसला होता. बंदुका दुरुस्त करणारा गावात तो एकच; शनिवारी दुकानातलं काम तो इथे घेऊन येतो आणि बाकाच्या ड्रॉवरमध्ये ठेवतो. त्याने मान वर केली नाही. "हं," म्हणाला.

"पाच," एल्डन म्हणाले. "बशीत. ठरलं."

रोंडाने वडिलांकडे पाहिलं. सकाळी काय खाल्लं ते या माणसाला दुपारी आठवत नाही. पण हे राहील. हे नेमकं राहील.

गावात त्यांना अजून डेप्युटीच म्हणतात. एकतीस वर्षं ते शेरीफच्या हाताखाली होते, आणि एवढ्या वर्षांत कमरेचं रिव्हॉल्व्हर त्यांनी दोनदा बाहेर काढलं. एकदा पिसाळलेल्या कुत्र्यासाठी, एकदा ट्रकखाली सापडून तडफडणाऱ्या हरणासाठी. निवृत्त झाल्यावरही ते रोज सकाळी कमरेला लागायचं, नाकावर चष्मा लागतो तसं. आई गेल्यावर रोंडा भाड्याचं घर सोडून त्यांच्याकडे राहायला आली. तिचीही आता चोपन्न वर्षं झालेली; शाळेच्या स्वयंपाकघरात नोकरी, संसार कधीच मोडलेला. बापलेकीचं बरं चाललं होतं. आधी त्यांची नावं हरवायला लागली. मग रस्ते. मग कधी कधी साल.

मार्चमधल्या एका सकाळी, साडेपाचला, ती तळघरातून ओल्या टॉवेलांची टोपली घेऊन वर आली. स्वयंपाकघरात दिवा लागलेला. मध्ये एल्डन उभे, अंगात बनियन, हातात रिव्हॉल्व्हर.

"जागेवर थांब. कोण तू?"

"बाबा, मी रोंडा."

"रोंडा शाळेत गेलीय."

आवाज शांत होता, अगदी ड्यूटीवरचा. हातही कापत नव्हता. एरवी चमचा धरताना कापणारा हात, त्या वेळी नाही. रोंडा टोपली पोटाशी धरून उभी राहिली. किती वेळ ते तिला सांगता येणार नाही. फ्रिजची घरघर बंद पडून पुन्हा सुरू झाली, एवढं आठवतं. मग त्यांनी रिव्हॉल्व्हर खाली केलं आणि विचारलं, "कॉफी झाली का?"

"ठेवते," ती म्हणाली.

त्या सकाळबद्दल त्यांनी पुन्हा अवाक्षर काढलं नाही. तिनेही नाही. दुसऱ्या दिवशी ते आंघोळीला गेले असताना तिने रिव्हॉल्व्हर टॉवेलात गुंडाळून गेलनच्या दुकानात नेलं.

"हे मोडलंय असं सांग त्यांना."

"काय मोडलंय?"

"ते तू ठरव."

गेलनने तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. "आतला एक दात झिजलाय," तो म्हणाला. "जुनं मॉडेल. सुटा भाग मागवावा लागेल."

या गावात कुणी कुणाला 'नाही' म्हणत नाही. भाग मागवतात. एल्डनची पिकअप गेल्या सप्टेंबरपासून नॉर्बच्या शेडमध्ये उभी आहे. गिअरबॉक्सचा भाग मागवलाय. चर्चमध्ये ऑर्गन वाजवणाऱ्या म्हाताऱ्या बाईंची बोटं आखडली, त्याला दोन वर्षं झाली. तेव्हापासून ऑर्गनचाही भाग मागवलाय, आणि तोवर दुसरीच एक जण पियानो वाजवते. बाई दर रविवारी विचारतात, आला का? पाद्री सांगतात, येईल एवढ्यात. अख्ख्या नेब्रास्कात सुट्या भागांची एवढी टंचाई कुठे नसेल.

पण एल्डनना कमर रिकामी ठेवून बसवेना. तिसऱ्या दिवशी ते टोपी घालून निघाले, नवं घ्यायला. तेव्हा रोंडाच म्हणाली, मी आणते, तुम्ही कशाला त्रास घेता. गेलनच्या काचेच्या कपाटातलं सगळ्यांत स्वस्त पिस्तूल तिने उचललं. स्वस्त पिस्तुलांचा चाप मुळातच जड असतो. हा ओढायला नऊ पौंडांचा जोर लागायचा.

"हे न उडणारं करून दे," ती म्हणाली.

"ते मी करणार नाही." गेलन एरवी मऊ माणूस, पण हे त्याने फटकन सांगितलं. "उद्या खरंच कुणी घरात घुसलं तर? चालत नाही ते चालतं म्हणून मी कुणाच्या हातात ठेवत नाही. माझा धंदा आहे हा."

"मग चाप जड कर."

"लोक हलका करून मागतात, रोंडा. वीस वर्षांत जड करून द्या म्हणून कुणी आलेलं नाही."

"मी आलेय."

त्याने आतली स्प्रिंग बदलली. मग चापाला काट्याचा हूक अडकवून मोजून दाखवलं. बारा पौंड. दहा पौंडांची बटाट्यांची पिशवी आणि वर थोडे कांदे, असं सगळं एका बोटावर पेलायचं. "त्यांच्या बोटांना झेपायचं नाही हे," तो म्हणाला. मार्चमधल्या सकाळची अर्धी गोष्ट त्याला तिने सांगितली. त्याने त्यातली अर्धी बायकोला, जोलीनला सांगितली. जोलीन क्लबमध्ये दर शनिवारी राजम्याची तिखट चिली वाढते, त्यामुळे वाडग्यागणिक थोडी थोडी ती सगळ्यांपर्यंत पोचली. आणि तरीही, विचारलं तर ती कुणालाच माहीत नव्हती.

यात एक चूक झाली. एल्डन हावलिकना हरवायचं असेल तर त्यांच्यापुढे अवघड काम ठेवायचं नसतं. आई असती तर तिने पहिल्याच दिवशी सांगितलं असतं.

नॉर्बने पैज लावली त्याच संध्याकाळी त्यांनी स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लाल पेन्सिलीने लिहिलं: पाच, बशीत, रिव्हॉल्व्हर. आणि कामाला लागले.

"रोंडे, इकडे ये. बघ. रिकामं."

रोज सकाळी नाश्त्याआधी हा विधी. गोळ्या काढून लोण्याच्या रिकाम्या डब्यात, डबा दुसऱ्या खोलीत. मग पिस्तुलाचं पोट उघडून आधी स्वतः बघायचं, बोट घालून चाचपायचं, मग तिला दाखवायचं. यात कधी चूक नाही, विसर नाही. डोकं विसरायचं, हात विसरत नव्हते. रोंडा आत डोकावून "हो, रिकामं" म्हणायची आणि अंड्यांकडे वळायची.

"सगळे काय करतात, चापाशी कुस्ती खेळतात. ओढत ओढत शेवटाला येतात आणि धीर सुटतो, मग देतात हिसडा. हिसडा दिला की नळी खाली जाते. खाली-डावीकडे. धार काढताना आचळाला हिसडा देतो का आपण?"

"मी कधी धार काढलेली नाही, बाबा."

"तुझ्या आईनं काढली. गाय तिला कधी लाथ मारायची नाही. मला मारायची." ते हसले. "मूठ सगळी घट्ट. बोट तेवढं एकटं मागं येतं. संथ, एका चालीनं, मध्ये थांबायचं नाही. आणि टोकानं नाही ओढायचं, हे इथलं पेर, ही घडी, इथं ताकद असते. बार कधी होईल ते आपल्यालासुद्धा कळता कामा नये."

मग ते पिस्तुलावर, नळीच्या टोकाला नेमासाठी असते त्या माशीच्या जरा मागे, एक नाणं ठेवायचे आणि भिंतीवरच्या दिव्याच्या बटणावर नेम धरायचे. खट्ट. आणि लगेच टिंग, नाणं फरशीवर. वाकून उचलायचं, पुन्हा ठेवायचं. खट्ट, टिंग. रोंडा पाठमोरी उभी राहून तो टिंग ऐकायची. एकेका टिंगला तिचे खांदे खाली यायचे. दुसऱ्यांच्या घरी सकाळी रेडिओ ऐकतात.

जूनमध्ये त्यांनी टेनिसचा चेंडू आणवला. टीव्हीवर बेसबॉल बघताना तो मुठीत दाबत बसायचे. चेंडूची लव गेली, मग तो फुटला, मग दुसरा आणला. पिस्तुलाच्या मुठीला सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा चढवला, घामाने सरकू नये म्हणून. दाढी पुन्हा स्वतःची स्वतः करायला लागले. गालावर रंग आला. कधी कधी न्हाणीघरातून पोल्का नाचाची धून गुणगुणल्याचं ऐकू यायचं. डॉक्टरांनी सांगितलंच होतं, त्यांना कशात तरी गुंतवा. रोंडा दारात उभी राहून ते गुणगुणणं ऐकायची आणि तिला रडू यायचं. मग आतून चेंडू दाबल्याचा करकर आवाज आला की तेच रडू मागे फिरायचं. शाळा सुटीमुळे बंद होती. घरातल्या घरात ती काहीबाही करत राहायची, कपाटं पुसायची, पुसलेली पुन्हा पुसायची. रात्रभर बाबांच्या उशाला काय आहे ते ठाऊक असल्यावर माणूस कुठे टेकेल? पहाटे तळघरात जायचं तिने सोडूनच दिलं होतं, आणि खोलीबाहेर पडताना मोठ्याने खोकायची.

जुलैच्या एका सकाळी खट्ट झालं आणि टिंग आलाच नाही.

ती उलथनं धरून थांबली. खट्ट. काही नाही. पुन्हा खट्ट. अंड्याच्या कडा करपल्या. तिने वळून पाहिलं. नाणं जिथल्या तिथे, पाण्यावरच्या पानासारखं स्थिर. एल्डन तिच्याकडे बघून हसत होते, पहिल्यांदा सायकल चालवणाऱ्या पोरासारखे.

"वीस वेळा," ते म्हणाले. "मोजलेत मी."

"वा," रोंडा म्हणाली.

त्यांनी पिस्तूल टेबलावर ठेवलं, खुर्ची ओढली, आणि मग तिच्याकडे जरा निरखून, अगदी अदबीने म्हणाले, "बसा ना तुम्ही. माझी मुलगी चारला शाळेतून येते. थांबा तोवर, ओळख करून देतो. चांगली पोर आहे."

रोंडा बसली. त्यांनी करपलेलं अंडं अर्धं करून तिच्यापुढे सरकवलं.

त्याच दुपारी ती गेलनच्या दुकानात होती.

"पंधरा कर."

"यात पंधराची स्प्रिंग बसत नाही. बसली तरी ते शिकतील, रोंडा. ते शिकतायत. मी बघतोय दर शनिवारी." त्याने हातातली कानस खाली ठेवली, पुन्हा उचलली. "तू त्यांच्याशी बोल."

"काय बोलू?"

"ते... तेच."

"तेच म्हणजे काय, गेलन?"

गेलनने कानसेवर फुंकर मारली. "जोलीननं दालचिनीचे रोल केलेत," तो म्हणाला. "घेऊन जा चार. गरम आहेत."

तिने रोल घेतले. करणार काय? घरी जाताना गाडी नदीकाठी थांबवून त्यातले दोन खाल्ले, आणि बाबांना सांगायचं वाक्य मनाशी जुळवायला लागली. 'बाबा, रिव्हॉल्व्हर आता राहू दे.' हे चालेल. ते विचारतील, का? पुढचं वाक्य जुळेना. तिने तिसरा रोल खाल्ला.

ऑगस्टच्या दुसऱ्या शनिवारी एल्डननी इस्त्रीचा शर्ट घातला. शेडमध्ये पोचल्यावर जोलीनकडून एक खरी बशी मागून घेतली आणि नॉर्बपुढे ठेवली.

"हिच्याभोवती पेन्सिल फिरव."

"अरे, मी आपलं गमतीनं..."

"फिरव."

नॉर्बने कागदावर बशी पालथी ठेवून गोल काढला. जरा लहानच काढला, हे रोंडाने पाहिलं. एल्डननीही पाहिलं आणि काही बोलले नाहीत. कागद सात यार्डांवर लटकला. बाकीच्यांनी आपापल्या बंदुका खाली ठेवल्या. सगळे मागे उभे राहिले, कानांवर मफ चढवून. रोंडाने चढवले नाहीत. तिला हात वर नेणं सुचलंच नाही.

पहिला बार झाला, तेव्हा ती दचकली; कानांत शिट्टी वाजायला लागली. गोळी बशीत. दुसरी बशीत, पहिलीला चिकटून. तिसरीला त्यांना वेळ लागला. ती त्यांचं बोट बघत होती. ते मागे येत होतं, कुठेही न थांबता, घाई न करता, जसं दूध येतं तसं. बघता बघता तिला कळलं की आपण मनात म्हणतोय, हिसडा, बाबा, एक हिसडा द्या. तिसरी बशीत. चौथी रेषेवर, पण आतून. पाचवीच्या आधी त्यांनी पिस्तूल खाली केलं, बोटं झाडली, एक श्वास घेतला. कुणीतरी खोकलं. मग त्यांनी पुन्हा हात उचलले आणि तो बार खरंच त्यांनाही न कळता झाला असावा, कारण त्यांच्या भुवया वर गेल्या.

पाच. बशीत.

एरवी अशा वेळी टाळ्या पडतात, कुणीतरी टोपी फेकतं. आज दोन टाळ्या वाजल्या आणि थांबल्या. एल्डननी पिस्तूल रिकामं केलं, पोट उघडून आधी स्वतः पाहिलं, मग नॉर्बला दाखवलं, फळीवर ठेवलं, आणि गेलनच्या बाकापुढे येऊन हात पसरला.

"चल. आण."

गेलन उभा राहिला. "डेप्युटीसाहेब, तो भाग अजून..."

"भाग येवो न येवो, असं ठरलंय. एक दात झिजला तर झिजला. मी सांभाळून वापरेन. बारा पौंडांचं खेचर सांभाळलं, आपलं घरचं घोडं नाही सांभाळता यायचं?"

बारा. हा आकडा त्यांना कुणी सांगितलेला नव्हता. गेलनने डोळे खाली वळवले. त्यांच्या बोटानेच मोजलं असणार.

"चौथी रेषेवर आहे," नॉर्ब म्हणाला. "म्हणजे तसं बघायला गेलं तर..."

"नॉर्बर्ट. तुझा गोलच लहान आहे."

"एल्डन, आधी खाऊन घे," जोलीन मध्ये पडली. "चिली गार होतेय. रोलसुद्धा आहेत. दालचिनी जास्त घातलीय, तुला आवडते तशी."

"खाईन. आधी माझी वस्तू." त्यांनी एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. गेलन चिंधीने तेच स्वच्छ बोट पुन्हा पुन्हा पुसत होता. नॉर्ब बशीकडे बघत होता. बाकीच्यांना एकदम आपापल्या वाडग्यातले राजमे मोजायचे होते. एल्डनच्या कपाळावर आठी पडली. तपास करताना पडायची तशी, रोंडाच्या लहानपणीची. "काय आहे काय? मी जिंकलोय ना? सरळ जिंकलोय. मग तुम्ही सगळे असे का उभे आहात, कुणी मेल्यासारखे? गेलन, ते ड्रॉवरमध्येच आहे ना?"

"ड्रॉवरमध्येच आहे," गेलन म्हणाला. खोटं त्याला एका वेळी एकच बोलता येत असे.

"मग काढ."

गेलनचा हात ड्रॉवरच्या मुठीवर गेला. तिथे थांबला. त्याने रोंडाकडे पाहिलं, मग नॉर्बने, मग जोलीनने डाव हातात तसाच धरून. सगळं गाव तिच्याकडे भाग मागत होतं आणि तो आता कुठूनही येणार नव्हता. कानांत शिट्टी चालूच होती. त्या शिट्टीतून तिला स्वतःचा आवाज आला, शाळेत पोरांना ओळीत उभं करते तसा, जरा जास्तच मोठा.

"गेलन, काढू नकोस."

एल्डन वळले.

"बाबा, तुमचं रिव्हॉल्व्हर मोडलेलं नाही. कधीच मोडलं नव्हतं. मीच ते गेलनकडे नेऊन दिलं, आणि या पिस्तुलाचा चापही मीच जड करून घेतला. मार्चमध्ये एका सकाळी मी टॉवेल घेऊन वर आले, तेव्हा तुम्ही ते माझ्या छातीवर रोखलंत आणि मला विचारलंत, कोण तू. मी नाव सांगितलं, तरी तुम्ही मला ओळखलं नाहीत, बाबा."